अर्धा घोट उशिरा

उद्यमबागेच्या कोपऱ्यावर, चहाच्या गाड्याशी
एरवी पाटीवरून कुरबूर चालते:
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, केवढी मोठी.
ह्या महिन्यात ती नाही.
मल्लाप्पा आणि आमचा होनगेकर
एकाच मोबाईलवर डोकी टेकवून.
"ऑफसाइड होता गा तो!"
"इल्लप्पा, इल्ला!"
ह्या शब्दाचं भाषांतर दोघांनाही लागत नाही.
लागतं ते मला.

मी हसतो. सगळ्यांचं हसून झाल्यावर,
अर्धा घोट उशिरा.
एकदा धाडस करून म्हटलं, "ब्राझीलच नेणार बघा."
ब्राझील चार दिवसांमागंच घरी गेला होता.
पिंटो काही बोलला नाही.
पोकळी राहिलेलं कास्टिंग तो बघतो ना,
वरून गुळगुळीत, ठोकलं की बद्द,
तसं बघितलं माझ्याकडं
आणि कप ठेवला.

रात्री पोराला म्हटलं, समजाव की रे जरा.
त्यानं ताटातच मांडलं:
मिरची म्हणजे गोलकीपर, चटणीचे ठिपके म्हणजे बचाव,
कांद्याची फोड पुढं पळूलालीय.
"आणि ती रेषा कुठाय?"
"रेषा आखलेली नसते, बाबा.
माणसं हलतील तशी ती हलते.
उभा आहेस तिथंच उभा असतोस,
आणि चुकीच्या बाजूला जातोस."
तेवढं मात्र मला चटकन कळलं.
जन्म बेळगावात गेलाय माझा.
कांदा कुणाच्या बाजूचा, ते शेवटपर्यंत नाही कळलं.
खाऊन टाकला.

फायनलला कॅम्पात पडदा लावला होता.
"तू पण ये की," होनगेकर म्हणाला,
रिक्षातली माणसं मोजून झाल्यावर.
माझी पाळी आहे म्हटलं. होतीच.

भट्टी थंडावली तसा गेटाशी आलो.
सिद्दाप्पा वॉचमन पोत्यावर शेंगा निवडत बसलेला.
"ऊटा आतेन्री?"
झालं म्हटलं. नव्हतं झालं.
इतक्यात अनगोळच्या बाजूनं आरडा उठला,
मागोमाग फटाके, कुत्री.
"कोण जिंकलं, मामा?"
"गोत्तिल्लरी," म्हणाला,
आणि पोतं माझ्याकडं थोडं सरकवलं.

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
एक शेंग खवट निघाली.
थुंकलो. दुसरी घेतली.