शून्य तास, वीस मिनिटं

लायसन्स टपालानं आलं.
अम्मानं देवापुढं ठेवून हळदीचं बोट लावलं,
ते नेमकं 'विद्यार्थी' या शब्दावर उमटलं.

बरोबरच. सगळी गोम त्याच शब्दात.
विमानाशी बोलायची मुभा आहे मला,
पण शेजारी कुणीतरी जाणतं बसलेलं हवं,
माझा आवाज मध्येच तोडू शकेल असं.
ते माणूस कुठं मिळतं, हे मागच्या बाजूला छापलेलं नाही.

मग पत्रं.
हैदराबाद: जागा नाही.
बेळगाव: पुढच्या तुकडीचं बघू.
नांदेडच्या बाई फोनवर हसल्या,
अगं, आम्हीच विमानाची वाट बघतोय.
कलबुर्गीनं उत्तरच दिलं नाही,
आणि कलबुर्गी इतकं जवळ
की धड रागही येईना.

नायना जेवताना म्हणाले,
"मागावर बसताना मला कुणी लायसन्स मागितलं नव्हतं.
तिसऱ्या दिवशी धोट्यानं नख नेलं,
चौथ्या दिवसापासून हजेरी लागली."
कडक भाकरी मोडल्याचा आवाज.
आमच्याकडं चूक नखावर भागत नाही, नायना.
हे मी बोलले नाही.

शेवटी होटगी रोडच.
तीन महिन्यांसाठी आलेले, भुवनेश्वरकडचे बिस्वाल सर
म्हणाले, बसा. पण विमान मी कुठून आणू?
दिवसाला एक उतरतं, तेच परत निघतं.
बाकीचा वेळ खुर्चीत भरतो,
वहीत भरत नाही.

एप्रिल. काचेबाहेर बेचाळीस अंश.
वाऱ्याची पिशवी लोंबत पडलेली.
दोन घारी, एक तांबडं कुत्रं, त्याच्यामागं जीप.
मी मनातल्या मनात घारीला म्हणते, तुझा नंबर दुसरा,
कुत्र्याला म्हणते, धावपट्टी मोकळी कर.
सर डबा उघडतात. शेंगाचटणीनं त्यांना घाम फुटतो,
तरी रोज मागून घेतात.
मग निरोप येतो: आजचं रद्द.
वहीत तारीख, तारखेपुढं शून्य.
शून्य आता फार गोल येतं माझं.

रात्री कारखान्यात चहा घेऊन गेले.
अठरा माग एकदम चालू. तिथं कुणी बोलत नाही, ओठ वाचतात.
नायना पाठमोरे उभे होते,
एकाएकी वळले आणि सरळ अकराव्या मागाकडं गेले.
धागा तुटला होता.
कसं कळलं? मी हातानं विचारलं.
त्यांनी कानाला बोट लावलं,
मग मान हलवली, तसं नाही,
आणि तळहातावर बोटांनी ठेका धरून
मध्येच एक ठोका गाळून दाखवला.

गुरुवारी आलं. चाळीस मिनिटं उशिरा.
सरांचं बोट बटणावर, टेकलेलं नाही, नुसतं वर धरलेलं.
मी वारा सांगितला, दाब सांगितला,
एक शून्य शून्य सहा.
वैमानिकानं खरखरीतून सगळं परत म्हटलं,
रोजची आरती उरकावी तसं भराभर,
आणि शेवटी
एक शून्य शून्य नऊ.

सरांचं बोट खाली यायच्या आत
मी बोलून गेले होते: चूक. सहा.
"सहा," तो म्हणाला.
त्याला त्यात काही वाटलंही नसेल.

चाकांखाली थोडा धूर उठला.
माणसं उतरली, एका बाईचा पदर उडाला,
एकानं तिथंच फोन कानाला लावला.
टॉवरकडं कुणी पाहिलं नाही.
सरांनी वही ओढली:
शून्य तास, वीस मिनिटं. खाली सही.
"उद्या?" मी विचारलं.
"उद्या चटणी जरा कमी तिखट."

घरी नायना म्हणाले, झालं का काही?
झालं. वीस मिनिटं.
त्यांनी बोटांवर हिशोब केला.
"तेवढ्यात माझे दोन टॉवेल होतात,"
म्हणाले, आणि त्यांच्या ताटातली अर्धी भाकरी
माझ्याकडं सरकवली.