हसुरामचं काळीज, दिवस बाविसावा

नियमाप्रमाणे त्याला नाव नाही.
झाकणावर निळ्या मार्करने: दाता ७, दिवस २२.
पण रक्त मीच काढलं होतं
घणसोली गावातल्या समाजमंदिरात,
डुगडुगत्या टेबलावर,
आणि हसुराम म्हात्रे मान वळवून
गेल्या वर्षीच्या क्रिकेट चषकाचा बॅनर वाचत होता.

महापेला, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही त्या रक्तपेशींना आपलं रक्तपण विसरायला लावलं.
इतकं मागे नेलं की त्या काहीही होऊ शकल्या असत्या,
बुबुळ, कातडी, नस.
मग एकच शिकवत राहिलो: यकृत हो.
गौरी जेवल्या त्या दुपारीही
मी येऊन त्यांचं खाणं बदलून गेले.

अठराव्या दिवशी त्या फरशीसारख्या
एकमेकींना बिलगून बसल्या.
काहींच्या पोटात दोन दोन केंद्रकं.
पाण्यात अल्ब्युमिन उतरलं.

बोलताना आपण काळीज डावीकडे सरकवलंय,
धडधडायला लावलंय.
खाटकाला विचारा.
तो बरोबर जागा दाखवेल.

अजून कच्च्याच आहेत पण.
गर्भातल्या बाळाचं प्रथिन सुटत नाही त्यांच्याकडून.
म्हणजे हे हसुरामचं आईच्या पोटातलं काळीज,
एका सुईने अख्खी आळी टोचून गेलेल्या
त्या कंपाउंडरच्या आधीचं.

पूर्वी आमच्याकडे गाठीतून आलेल्या पेशी होत्या,
मरण ठाऊक नसलेल्या.
विषाणू बाहेर ताटकळायचा,
त्यांच्याकडे त्याच्यासाठी दारच नव्हतं.
ह्यांना आहे.
खऱ्या काळजाची हीच खूण, म्हणे सर:
ते आत घेतं.

गुरुवारी वॉचमनचा फोन, मॅडम, पाहुणे.
हसुराम, हातात पिशवीभर सुकट.
"माजा कालीज बरा हाय ना गो बाय?"
बरं आहे म्हटलं. छान वाढतंय.
मग राहवलं नाही, सांगून टाकलं
की उद्या त्याला तोच आजार देणार,
तुझाच, कावीळ ब,
आत शिरून तो कुठे दडून बसतो ते बघायला.

तो पारसिकच्या कापलेल्या कुशीकडे बघत राहिला.
ट्रक गेला. दुसरा गेला.
"मंग दे," म्हणाला,
"पन सांगून दे.
मना कोनी सांगला नवता."

आज सकाळी काचेमागे हात घातले,
पिपेट भरली,
आणि मास्कच्या आत, अगदी हळू, म्हटलं,
हसुराम, टोचतेय.

नोंदवहीत: नऊ चाळीस, विषाणू दिला.

सुकट अजून लॉकरमध्येच आहे.
सगळ्या मजल्याला वास येतोय
आणि कुणी काही विचारत नाही.