सातवं झाकण

हुपरीत मंगळवारी सभा झाली,
चहा दोनदा आला.
प्रभाग सहामधलं उघडं गटार
बंदिस्त करायचं, एकमतानं मंजूर.
टाळ्या. डास जाणार, वास जाणार.

मागच्या बाकावरून गजराक्का झारेकरी उठली,
"सायेब, पैंजण घासताना उडाल्याली चांदी
त्याच गाळात येती.
सासूनं पाट्यांनी चिखल धुऊन
दोन पोरी उजवल्या.
झाकताय, झाका.
एक तेवढं उघडाय येईल असं ठेवा."

कुणी हसलं.
मुख्याधिकारी पंख्याकडं बघत राहिले.
इतिवृत्तात एवढंच उतरलं:
'एका नागरिकाने सूचना मांडली.'

काम शिमग्याआधी उरकलं.
गवंडी दस्तगीरनं कुणालाही न विचारता
सातव्या झाकणाला लोखंडी कडी बसवली.

बिलात ती नाही.