डावखुरे शंख

फोटो तळहाताएवढा, कडा कातरलेल्या,
मधोमध घडीची पांढरी रेघ.
"अस्साच पायजे," पटण्यांची धाकटी म्हणाली,
"पन्नास वर्षं झाली आईबाबांच्या लग्नाला."
मी चष्मा पुसला.

तीन मजले. काठाला शंख,
शंखांखाली झालर, झालरीखाली
दोऱ्याएवढी लोंबती तोरणं,
आता पोरी मोबाइलवर दाखवून
व्हिंटेज, व्हिंटेज म्हणून मागतात ते सगळं.
खरं माझी नजर शंखांवरच अडकली.
एकूणएक शेपट्या डावीकडं.

पास्कोल मेस्त्री डावखुरा होता.
कॅम्पातल्या बेकरीत, भट्टीमागच्या खोलीत
शेजारी बसवून त्यानं मला पिशवी धरायला शिकवलं.
वडगावच्या मागावरनं उठून आलेली मी,
सतरा वर्षांची, बोटांवर सुताचे काप.
काठ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं,
लोण्याचा काठ ठाऊक नव्हता.
"दाबायला कुणालाही येतं बाय," तो म्हणायचा,
"सोडायचं कधी, ते शीक."
मी उजव्या हाताची, तरी त्याचं बघून बघून
माझेही शंख अजून उलटेच झोपतात.
कुणी विचारलंच तर सांगते,
वारं तिकडनं येतंय.

रंग कुठला? फोटो काळापांढरा.
"गुलाबीच असणार की," धाकटी म्हणाली,
"लग्नाचा म्हटल्यावर."

एप्रिल. दुपारी दोनला लाइट गेली.
पिठीसाखर तीनदा चाळलेली, लोणी फेसून पिसासारखं,
आणि माझे हात जन्माचे गरम.
बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, पुसायचे,
चार शंख घालायचे, परत बुडवायचे.
दुसऱ्या मजल्याचं एक तोरण तुटलं,
तिथं मी एक जादा गुलाब बसवला.
मेस्त्रीनंही तेच केलं असतं.
फोटोत बघितलं तर
तिथंच कुठंतरी त्याचाही एक जादा गुलाब.

नाव तेवढं राहिलं.
फोटोतली घडी नेमकी अक्षरांवरनं गेलेली.
कन्नड अक्षर नळीतनं आपसूक गोल पडतं,
जिलबी पडावी तसं.
मराठीला वरची रेघ ओढावी लागते,
ती शेवटाला हटकून थरथरते.
चौकात पाट्यांवरनं काय चाललंय ते चालू दे,
माझ्या मनगटाला एवढंच कळतं.
तिथं जाऊन विचारू म्हटलं, आणि
बारीक नळी पर्समध्ये टाकली.

अनगोळला रिक्षा कासवासारखी नेली.
मांडीवर तीन मजले, पुढं प्रत्येक खड्डा.

यल्लाप्पा पटणे बेकरीत मैद्याची पोती उचलायचे.
गंगव्वा बैलहोंगलची.
कचेरीत सह्या केल्या तेव्हा
हिच्याकडचं कुणी आलं नव्हतं, त्यांच्याकडचंही नाही.
मेस्त्री आला होता, डोक्यावर खोकं घेऊन.
हे मला त्या दिवशी कळलं, केक टेबलावर ठेवताना.

म्हातारी वाकली. दिसत कमी होतं,
म्हणून बोटानं एक शंख चाचपला,
शेपटीपर्यंत.
"अवन कै," म्हणाली.
व्हय, त्याचाच हात, म्हणायचं होतं मला,
घशातनं आवाज निघाला नाही.

मग ती हसायला लागली.
"खरं हिरवा होता गं! पोपटी!
मेस्त्रीकडं त्या दिवशी दुसरा रंगच नव्हता."
"पिवळा," यल्लाप्पा खुर्चीतनं म्हणाले.
"हिरवा!"
"अगं, मी स्वतः खाल्लाय."
अर्धं तिच्या भाषेत, अर्धं ह्यांच्या,
पंखा फुल्ल, धाकटी कपाळाला हात लावून,
आणि टेबलाखालनं नातवाचं बोट वर येऊन
खालच्या काठाचे दोन शंख घेऊन गेलं.

मी काही बोलले नाही.
लोणी मऊ पडायला लागलं होतं.
नावाचं विचारायचं राहिलं ते राहिलंच,
नळी अजून पर्समध्ये आहे,
चिल्लरीत वाजते.