सत्तेचाळीस नावं

माझं नाव हुल्डा. हुल्डा रूपसिंग गावित.
तहसील कचेरीतला कारकून चष्मा वर करून म्हणाला,
"हाई कसं नाव शे व माय?"
आणि रेशनकार्डावर हुल्लडबाई लिहून मोकळा झाला.
त्याला काय सांगणार,
की मूळची हुल्डा तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी,
निळ्या धाग्याची.

गोधडी एकतीस साली आली.
सुरतेच्या गाडीनं नवापूरला, तिथून बैलगाडीत,
मलमपट्ट्यांच्या पिंपात, डांबरगोळ्यांचा वास घेऊन.
इलिनॉयमधल्या मक्याच्या कुठल्याशा गावी
देवळातल्या बाया दर गुरुवारी शिवायला जमायच्या.
जो दहा सेंट देईल त्याचं नाव एका चौकोनावर.
आठ ओळी, ओळीत सहा.
त्या पैशांची आमच्या दवाखान्यावर कौलं चढली.

बाबा तेव्हा बाटल्या विसळायचे.
इंग्रजी अक्षरं ते त्या गोधडीवर शिकले,
रात्री कंदील जवळ ओढून, टाक्यांवर बोट फिरवत:
नेल्स. ॲक्सेल. इंगा. हुल्डा.
पुढे कंपाउंडर झाले, तरी प्रार्थनेत
पाड्यावरच्या आजाऱ्यांनंतर
ही नावं ओळीनं घ्यायचे, हजेरीसारखी.
सत्तेचाळीस.
शेवटच्या चौकोनात नाव नव्हतं.
लाल धाग्याचं एक फूल होतं, पाच पाकळ्यांचं.

"हे कोण?"
मिसबाई कंदिलाची वात उगाच खाली-वर करत राहिली.
मग म्हणाली, गावात एक धुणारी यायची. काळी.
सोमवारी घरोघरचे कपडे धुवायची
आणि अंधार पडायच्या आत वेशीबाहेर,
तशी पाटीच होती तिथं.
तिनंही दहा सेंट आणून दिले.
नाण्यावर बायांचं एकमत झालं, नावावर होईना.
शेवटी आम्ही फूल घातलं.

"देवळात ती कुठं बसायची?"
"देवळात?" मिसबाई म्हणाली,
आणि पुढं काही म्हणाली नाही.

बाबांच्या आईला बाजारात
मीठ वरून टाकून मिळायचं, ती ओंजळ खाली धरायची.
त्या मिठाच्या वाटेनंच बाबा येशूकडे आले होते.
त्यांना वाटायचं, हे जिथून आलं
तिथं तरी सगळे एका बाकावर बसत असतील.

त्या रविवारी ते देवळात गेले नाहीत.
पुढच्या रविवारी गेले.
तेव्हापासून सत्तेचाळीस नावं झाली की थांबायचे,
एक नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ.
मग आमेन.
आम्ही पोरं त्या थांबण्यात खोकून घ्यायचो.

परवा त्या गावाहून पत्र आलं.
देवळाला दीडशे वर्षं होताहेत,
गोधडी काचेमागं लावायची आहे, परत मिळेल का.
त्यांच्या वहीत चौकोन अठ्ठेचाळीस,
नावं सत्तेचाळीस, एक रिकामा.
मी कळवलं, रिकामा नाही. आधी तिचं नाव शोधा.
दीड महिन्यानं उत्तर आलं,
जुन्या जमाखर्चात एवढंच सापडतं:
धुलाई, एक दिवस, पंचाहत्तर सेंट.

नाताळाआधी गोधडी मी रंगावलीवर नेते,
गुडघे बोलतात, तरी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.
नव्वदेक वर्षांच्या पाण्यात निळी नावं उतरली.
नेल्सचं पहिलं अक्षर तेवढं राहिलंय,
हुल्डा तर मला पाठ आहे म्हणून वाचता येते.
फुलाचा लाल मात्र होता तसा.
पिळून बघा, पाणी पांढरंच पडतं.

आम्ही फूल घातलं, म्हणाली होती मिसबाई.
मला नाही तसं वाटत.
कुठला धागा पाण्याला दाद देत नाही
हे त्या गुरुवारच्या बायांना कुठून ठाऊक?
त्या कधी धूत होत्या?