गड्डी

बाळकृष्णकाका पानाला चुना लावता लावता सांगायचे:
गड्डीवार म्हणजे नोटांच्या गड्ड्या मोजणारे,
भोसल्यांच्या खजिन्यावर होतो आपण.
काका स्वतः गिरणीच्या कँटीनमध्ये उधारी लिहीत.
भोसल्यांच्या वेळी नोटा कुठल्या,
हे त्यांना कुणी विचारलं नाही.
पान छान जमायचं त्यांचं.

एलआयसीत तेहतीस वर्षं मी क्लेम तपासले.
मयताचं नाव. मयताशी नातं. पुरावा.
रिटायर झाल्यावर लक्षात आलं,
आपल्या घरचाही एक पडून आहे.
वंशावळीत सगळ्यात वर एल्लय्या.
त्याच्या वर नुसता कागद.

ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे शेअर ऑटो.
कामठीत, गोऱ्यांच्या कबरस्तानात
चौकीदार शेळ्या हाकत आला.
"कोनाले पाहून राहिल्या, बाई?
लंडनवाले येतात, ते फोटो घेऊन येतात."
त्याने एकेक दाखवलं:
पटकी, पटकी, ऊन लागून,
बाळंतपणात गेलेली एकोणीस वर्षांची मेरी,
पलटणीतला ढोल वाजवणारा पोरगा.
दगड फुटलेत, तारखा शाबूत.
मी म्हटलं, यातलं माझं कोणी नाही.
"मंग?"
एवढंच म्हणाला तो.
एक शेळी कुणा कॅप्टनच्या छातीवरचं गवत
मान वाकडी करून ओढत होती.

चर्चमागच्या खोलीत लोखंडी कपाट.
पाद्रींनी वही काढून दिली, धूळ झटकून,
मद्रासकडून आलेल्या रिसाल्याची, सन अठराशे सदुसष्ट.
कडा वाळवीने खाल्लेल्या. आत घोडेच घोडे.
डचेस. घोडी. तांबूस. मागचा डावा पाय पांढरा,
कपाळावर चांदणी, खांद्यावर जुना व्रण. चावते.
मोतद्दार: एल्लय्या.
गवत कापणारी: मोतद्दाराची बायको.
पुढच्या पानावर, निराळ्या शाईत:
गवत कापणारी, बाई, एक.

आता एल्लय्या काय, दर दहा तंबूंत एक असेल.
हा पुरावा घेऊन माझ्या टेबलाशी कुणी आलं असतं
तर मीच परत पाठवलं असतं.

पाद्रींकडे चहाला अंकममास्तर बसले होते,
तीन पिढ्या लष्कराचे कपडे शिवणारे.
आडनाव विचारलं. सांगितलं.
बशीतला चहा फुंकता फुंकता थांबले:
"अम्मा, तेलुगूत गड्डी म्हणजे गवत."

मला बाबा आठवले.
डब्यातून तांदूळ मापून काढायचे:
लाभ, रेंडू, मूडू, नालुगू...
आणि मग पाच, सहा, सात.
आम्हाला वाटायचं, ही बाबांची गंमत,
पोरांना हसवायला.
चार मापांएवढी भाषा उरली होती घरात
आणि आम्ही ती भात करून खाल्ली.

वहीत शेवटी डचेसची नोंद होती.
अकरा नोव्हेंबर. नाकातून पू, संसर्गाची भीती.
गोळी घातली. खड्ड्यात चुना टाकला.
त्याच ओळीत समासाला चिकटून:
गवत कापणारी, एक, कमी केली.

त्या संध्याकाळी ती कुठे गेली, कुणाला माहीत.
विळा तिचा होता की सरकारी,
तेही लिहिलेलं नाही.

परतीचा ऑटो सोडून कन्हानच्या काठी गेले.
पलीकडे वीटभट्टीचा धूर, पुलावरून मालगाडी.
एकसष्टाव्या वर्षी, पर्स काखेत धरून,
वाकले आणि मूठभर गवत उपटलं.
पात्याने करंगळी कापली, बारीक, कागदाने कापते तशी.
दुसरी मूठ. तिसरी. चौथी.
तोंडाने मोजत होते,
बाबांच्या चालीवर.
पाचवी हातात होती.
पाचला काय म्हणतात,
ते मास्तरांना विचारायचं राहून गेलं.