शेऱ्याचा रकाना

लाटगालेच्या या कोपऱ्यात, तळ्यांच्या अधूनमधून
अकरा घरं, एकोणीस गायी आणि माझी दुधाची गाडी.
रात्रभर विहिरीत गार केलेले कॅन
पहाटे फाटकाशी बाकावर येऊन बसतात.
कॅनवर ओलं फडकं, फडक्यावर दगड.
मी दगड उचलते, झाकण काढते, वास घेते,
वहीत मांडते : लिटर, तापमान, फॅट.
चौथा रकाना शेऱ्याचा.
सहा वर्षं त्यात एकच शब्द.
ठीक.

मला वाटायचं, लिहायचं तर
निदान रीगात राहिलेलं असावं माणसानं,
एखादं मोडकं प्रेम तरी गाठीशी असावं.
माझ्या गाठीशी गमबुटांचे दोन जोड
आणि आंतोन,
जो झोपेतसुद्धा ट्रॅक्टरच्या बॅटरीबद्दल बोलतो.

मे महिन्यात एकदा
दोनात्सच्या कॅनवर दगड नव्हता.
इस्त्री होती. कोळशाची, जुनी, जड.
मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
"आता कुणाचे कपडे करायचेत," म्हणाला
आणि गोठ्यात गेला.

गाडीत बसून वही उघडली.
ठीक लिहायला पेन टेकवलं,
आणि हात पुढे जाईना.
लिहिलं : सहा लिटर. झाकणावर इस्त्री.

मग खोडच लागली.
*विन्सेंतकडे धुकं. गायी दिसल्या नाहीत, रवंथ ऐकू आलं.*
*लेओन्तीने आज "आत ये" म्हणाली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.*
*स्क्रोमानांचा कुत्रा भुंकला नाही. विचारलं नाही.*
*करकोचे गेले. खांबावरच्या घरट्यातली काडी
वायपरमध्ये अडकलीय, राहू दे.*
मी काही शोधत नव्हते हो,
कॅन उचलायला वाकलं की डोळे तिथेच पोचायचे,
माणसाच्या कमरेच्या उंचीवर,
जिथे कड्या असतात, गाठी, हातांची नखं.

रोज काही नाही मिळायचं.
काही दिवस खरंच ठीक असतात,
तेही तसंच लिहायला लागतं.

सप्टेंबरात फोन आला, रेझेक्नेच्या डेअरीतून,
इल्ग्वार्स, हिशेबनीस. आवाज कोरडा, पावतीसारखा.
"चोवीस ऑगस्टची नोंद वाचतो," म्हणाला.
"'वेनेरांदाच्या दुधाला पुदिन्याचा वास.
गाय ओढ्यापर्यंत गेलेली दिसते.
म्हणजे आज म्हातारी तिच्यामागे गेली नाही.'
हे दूध घेतलेलं धरायचं की परत केलेलं?"

घेतलेलं, मी म्हटलं.
कान लाल झाले होते माझे,
कुणीतरी दार न वाजवता न्हाणीघरात यावं तसे.

पलीकडे यंत्राची बटणं वाजली, चार-पाच.
"रकान्यात मावेल तेवढंच लिहीत जा."
बरं, म्हटलं.
तो फोन ठेवेना.
पानं उलटल्याचा आवाज.
मग हळूच, जणू आकडा तपासतोय :
"आणि... म्हातारी?"

गुडघा, मी सांगितलं. आता खिडकीतूनच
गायीला हाका मारते, नावानं, शिव्यांनी.
गाय ऐकते की नाही, माहीत नाही.

"हं," म्हणाला इल्ग्वार्स,
आणि माझ्या पहिल्या वाचकानं फोन ठेवला.

नव्या वर्षाच्या वह्या आल्या.
चौथा रकाना तेवढाच, बोटभर.
मीच अक्षर बारीक केलं.

आज वेनेरांदाच्या फाटकाशी बर्फ घोटाभर.
तिच्या खिडकीची एक काच फुटलीय,
तिथे उशी कोंबलेली.
मी बाकावर वही टेकवून उभी,
आणि उशी बाजूला सरकवून ती ओरडली :
"काय खरडतेस गं इतकं?
गोठेल ना ते दूध!"

लिहून घेतलं.
पाच लिटर. दोन अंश.